एकविसावा रोडगा

गणोजीने कुत्र्याच्या डाव्या कुशीवर टिचकी मारली. ढब्ब आवाज आला. थोडी वर, शेवटच्या बरगडीच्या मागे पुन्हा मारली, तिथेही तसाच. मग फेटा मागे सारून त्याने पोटाला कान लावला. एरवी आत चालणारी गुरगुर पार बंद झाली होती.

"भुऱ्या, ओक बाबा," तो म्हणाला. "काय असेल नसेल ते ओकून टाक."

भुऱ्याने पाठीची कमान केली, जबडा उघडला, जोर लावला. बाहेर आला तो नुसता फेस. दोन पावलं टाकून तो थांबला, मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहिलं आणि मग गणोजीकडे. सकाळी देवापुढे लावलेला भंडारा अजून त्याच्या कपाळावरच्या सुरकुत्यांत पिवळाधमक बसलेला होता.

रुक्मिणी ओव्याहिंगाचं कोमट पाणी घेऊन आली. नवऱ्याच्या मागे उभी राहून तिने वाकून पाहिलं.

"घेतोय का?"

"घशाखाली उतरत नाही. ठेव तिथे."

"किती खाल्लं त्याने?"

गणोजीने भुऱ्याच्या तोंडावरचा फेस पुसला.

"अहो, किती?"

"एकवीस."

रुक्मिणीने पदर तोंडाला लावला. पहाटे कणकेचे जाड रोडगे थापायला बसलेल्या पाच बायकांत ती होती. एकेक रोडगा केवढा होता, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

कुत्रा म्हणायचा म्हणून कुत्रा, नाहीतर ते प्रकरण वेगळंच होतं. उंचीला गणोजीच्या कमरेला लागे आणि वजनाला दोन मणांच्या वर भरे. महूच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा सरदार मल्हाररावांनी तो त्याच्याकडून घेतला. साहेबाने जात सांगितली मॅस्टिफ आणि नाव सांगितलं बॅरन. जात मल्हाररावांनी पाठ करून टाकली, आल्यागेल्याला ऐकवायला. नाव मात्र घरात कोणाच्या जिभेवर बसलं नाही. गणोजीने रंगावरून भुऱ्या म्हटलं, आणि कुत्र्याने पहिल्याच हाकेला ओ दिली.

गणोजीला हे काम नको होतं. आजा मोतद्दार, बाप मोतद्दार. तीन पिढ्या या घराच्या घोड्यांना खरारा करण्यात गेल्या. संवत छपन्नच्या दुष्काळात वैरण मिळेना, तेव्हा चाळीस घोड्यांचे सहा झाले, आणि आठ वर्षांनी हा कुत्रा आला. "तू सांभाळ," सरकार म्हणाले. पागेतली माणसं त्याला कुत्रोजीराव म्हणू लागली. महिनाभर त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. पुढे पुढे ऐकूही येईनासं झालं, कारण तोवर त्याचा जीव त्या जनावरात गुंतला होता. मूलबाळ नसलेल्या माणसाचा गुंततो तसा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

सकाळ उजाडली की त्रिफळ्याच्या पाण्याने भुऱ्याचे डोळे पुसायचे. खालच्या पापण्या लोंबलेल्या, त्यात माळव्याची धूळ साचायची. फरशीवर बसून कोपरांना घट्टे पडत, त्यांना एरंडेल चोळायचं. उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा भिजवत बसायचं. तोंडातून लाळेच्या तारा सुटत, त्यासाठी खांद्यावर एक वेगळं फडकंच असे. भुऱ्याचा स्वभाव असा गरीब, की मांजराची पिल्लं त्याच्या पोटाशी निजत. साहेबाच्या बटलरने मात्र कुत्रा हवाली करताना दोन दोनदा बजावलं होतं, "इसका पेट कच्चा है, भाई. थोड़ा थोड़ा खिलाना. खाने के ऊपर पानी कभी मत भरने देना." गणोजीने ते वेदवाक्य धरलं होतं. दोन वर्षं ते त्याने एकदाही मोडलं नाही.

मोडलं ते आज, चंपाषष्ठीला.

खंडोबाचा नैवेद्य आधी कुत्र्याला, ही या घराची जुनी चाल. वाडवडील देशावरून माळव्यात आले ते देवाचा टाक आणि ही चाल बरोबर घेऊनच. दरसाल गावातलं एखादं कुत्रं धरून आणत, रोडग्याचा तुकडा आणि वांग्याचं भरीत त्याच्यापुढे टाकत, तळी उचलत, येळकोट करत, की झालं. कुत्रं खूश, देवही खूश. पण यंदा मल्हाररावांच्या मनाने घेतलं की दारी असा गजासारखा कुत्रा असताना गल्लीतलं लुतभरलं कशाला? त्यांनी एकवीस मानकऱ्यांना आमंत्रणं धाडली. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, आपापल्या मानाच्या क्रमाने, देवाच्या कुत्र्याला एकेक रोडगा द्यायचा.

गणोजी आदल्या दिवशीच बोलला होता.

"सरकार, एकच रोडगा करू. एकवीस जणांनी त्यातलाच तुकडा तुकडा द्यावा. त्याला सोसणार नाही."

"तुकडा?" मल्हारराव हसले. "मोठा तुकडा कोणाला आणि धाकटा कोणाला, ते तू ठरवणार? गणोजी, मानाचे तुकडे करत नसतात रे."

त्यातून आणखी एक गोष्ट अशी होती, की भुऱ्या परक्याच्या हातचं खात नसे. कोणी वैराने विष घालील म्हणून गणोजीनेच ते शिकवलं होतं. त्याने शेजारी उभं राहून "घे" म्हटल्यावरच तो तोंड उघडी. त्यामुळे सकाळी सभा भरली तेव्हा गणोजीला नवा फेटा बांधून कुत्र्याच्या बाजूला उभं केलं. एक मानकरी पुढे येई, वाके, रोडगा धरी. गणोजी म्हणे, "घे." लोक कौतुकाने माना डोलवत.

बाराव्याला भुऱ्याने तोंड फिरवलं.

रोडगा एका म्हाताऱ्या जहागीरदाराच्या हातात होता. त्याचा हात तसाच राहिला. देवाच्या कुत्र्याने नैवेद्य नाकारला म्हणजे त्या घरावर देवाची खप्पा मर्जी. असंच ते लोक धरणार, आणि असल्या गोष्टी माळव्यात वाऱ्याआधी पोचतात. मल्हाररावांनी गणोजीकडे नुसतं पाहिलं.

"घे," गणोजी म्हणाला.

भुऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि घेतला. त्यानंतर आणखी नऊ. शेवटचे तीन तर त्याने आडवं पडूनच गिळले. मग तळी उचलायला सरकारांनी गणोजीलाही बोलावलं; मोठा मान तो. मोतद्दाराच्या जातीला कोण बोलावतं! तो इकडे येळकोट येळकोट म्हणत होता, आणि तिकडे भरिताच्या मिरचीने तोंड पोळलेल्या भुऱ्याने पाण्याचं घंगाळ तळापर्यंत चाटून काढलं.

दुपारी दीडच्या सुमाराला मल्हारराव स्वतः खाली आले. अंगावर अजून पूजेचं सोवळं होतं. भुऱ्याला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांचाही जीव होता त्याच्यावर, खोटं कशाला बोला. रोज संध्याकाळी पानाच्या तबकातली बडीशेप ते त्याला हातावर देत.

"काय झालं रे?"

"आत वारा कोंडलाय, सरकार. पोट पिरगाळलं असेल तर देव जाणे. नळी खुपसून वारा काढायला पाहिजे, फुगलेल्या बैलाचा काढतात तसा. आत्ताच्या आत्ता काढला तर वाचेल."

"मग काढणारा कोण?"

ते दोघांनाही ठाऊक होतं. इंदूरचा जनावरांचा सालोत्री यायला रात्र उलटली असती. जवळचा एकच होता, जनावरांच्या रोगांवर हात बसलेला उमाशंकर, आणि तो चाकरीला होता शिवाजीरावांच्या पागेत.

शिवाजीराव म्हणजे मल्हाररावांचे सख्खे चुलत भाऊ. देवास गाव एक, पण गाद्या दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. मल्हाररावांचं घर थोरल्या पातीत, शिवाजीरावांचं समोरच, धाकट्या पातीत. मध्ये बैलगाडी वळेल एवढा रस्ता. पावलं मोजली तर ऐंशी भरतील. पण अकरा वर्षांत या दारातून त्या दारात माणूस सोडा, चिठ्ठीसुद्धा गेली नव्हती.

मल्हारराव थोडा वेळ कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

"नीलकंठपंतांना वर बोलवा," ते म्हणाले. "पत्र लिहू."

गणोजीने हात जोडले. सरकारांनी एवढा अभिमान गिळला, तोही मुक्या जनावरापायी, म्हणून त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, सुटलो.

पाऊण तास झाला तरी पत्र खाली येईना, तेव्हा तो जिना चढून दाराशी गेला. आत दफ्तराचे तांबडे रुमाल सोडलेले, जुनी पत्रं पसरलेली. चिटणीस नीलकंठपंत गुडघ्यावर कागद घेऊन बसले होते आणि कागद कोरा होता.

"चिरंजीव लिहावं तर ते वयाने आपल्याहून दोन वर्षांनी वडील," पंत सांगत होते. "पत्र न फोडता परत येईल. मागे आलंच होतं."

"मग काय, तीर्थरूप लिहू त्याला?"

"तसं लिहावं तर आपली शाखा थोरली, सरकार. उद्या दसऱ्याच्या पानसुपारीला तेच पत्र चारचौघांत पुढे करतील. कायमचं धाकटेपण पदरी यायचं."

"आमचे वडील, आबासाहेब, काय लिहीत?"

"तेच तर शोधतोय."

अकरा वर्षांचा अबोला तो हाच. जमिनीवरून नव्हे, पैशावरून नव्हे. पत्राच्या पहिल्या ओळीवरून, मायन्यावरून. कोणाला आशीर्वाद लिहायचा आणि कोणाला नमस्कार, हे ठरलं नाही म्हणून एका आजोबाची नातवंडं एकमेकांच्या लग्नामुंजीला गेली नव्हती. बरं, दोघांतला एकही मूर्ख नव्हता. हीच तर रड होती.

"सरकार," गणोजी दारातून म्हणाला, "वेळ नाही हो."

"होतंय, होतंय," मल्हारराव न बघताच म्हणाले. "तू त्याच्याजवळ बस."

खाली भुऱ्या आता फिरायचा थांबला होता. चारही पाय फाकून उभा होता आणि तोंडातून लाळ गळत होती. गणोजीने त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्या पडत चालल्या होत्या.

"तुम्ही जा," रुक्मिणी म्हणाली. "त्यांचं पत्र दिवाळीला निघेल. मी बसते याच्यापाशी."

"हुकमाशिवाय?"

"रस्ता ओलांडायला हुकूम कसला? मी रोज ओलांडते, भाजीला."

तो गेला. भर दुपारी, सरकारी फेटा डोक्यावर, दोन्हीकडचे शिपाई बघत असताना गेला. उमाशंकर पागेच्या दारात घोड्याचा खूर मांडीवर घेऊन तासत होता. त्याने गणोजीचं तोंड पाहिलं आणि खूर खाली सोडला.

"कई हुओ, भिया?"

गणोजीने सांगितलं. उमाशंकरने मध्येच विचारलं, "सुबह से? और पानी भी पी गया?" आणि मान हलवली. "अभी हो सकता है. पर मालिक से पूछे बगैर मैं उस पार पाँव नहीं रख सकता, तू जानता है."

शिवाजीराव ओसरीवर बसले होते. दाढी पांढरी झाली होती, पण डोळे मल्हाररावांचेच. गणोजीने मुजरा करून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गणोजी, तुझा बाप माझ्या पहिल्या तट्टाला खरारा करी. तुझ्यावर माझा राग नाही."

"होय, सरकार."

"पण तू आलास तो कुत्र्याच्या वतीने. मल्हाररावांच्या वतीने कोण आलंय?"

"पत्र लिहिणं चाललंय, सरकार."

"चाललंय ना? येऊ दे. दोन ओळी असल्या तरी चालतील, मायना नीट असू दे म्हणजे झालं. मग सालोत्री काय, मी माझी पालखी देईन." ते थोडं थांबले. "मला काय त्या मुक्या जिवाचं वाईट वाटत नाही होय?"

वाटत होतं. गणोजीला ते दिसत होतं, आणि त्यानेच त्याला जास्त संताप आला. पण संताप येऊन करतो काय? मुजरा करून तो मागे फिरला.

पागेच्या भिंतीआड उमाशंकर उभा होता. त्याने कापडात गुंडाळलेलं काहीतरी गणोजीच्या हातात कोंबलं. बोटभर जाडीची पितळी नळी, आणि तिच्यात बसवलेली लांब धारदार सुई.

"बाईं तरफ, आखिरी पसली के पीछे, जहाँ सबसे ऊँचा लगे. एक झटके में अंदर. फिर सुई खींच ले, नली रहने दे. हवा अपने आप निकलेगी. तूने बैलों में सौ बार देखा है, डर मत."

"तुला विचारलं तर?"

"मेरा नाम मत लेना, बस."

गणोजीने ती कमरेच्या शेल्यात खोचली आणि धावत निघाला. दारातच मल्हारराव उभे होते. कोणीतरी वर्दी दिली होती.

"कोणाला विचारून गेला होतास?"

"चुकलो, सरकार. पण आता मीच काढतो वारा. मला येतं. फक्त हो म्हणा."

"कशाने काढणार?"

गणोजीचा हात शेल्यावर गेला. मल्हाररावांची नजर त्याच्या कमरेकडे गेली, आणि त्यांना काय समजायचं ते समजलं.

"त्यांच्या घरची सुई आणलीस," ते हळू आवाजात म्हणाले. "अरे, जगला तर जन्मभर ऐकवतील की आमच्या सुईने जगला. मेला तर म्हणतील, मल्हाररावाच्या मोतद्दाराने भोसकला. सरळ मार्गाने होतंय ना? पत्र झालंच आहे. थोडा दम धर. माझ्या हुकमाशिवाय हात लावायचा नाही." आणि जिन्याकडे तोंड करून ते ओरडले, "पंत, झालं ना?"

"होतच आलं, सरकार."

गणोजी भुऱ्यापाशी येऊन बसला. कुत्रा आता आडवा झाला होता. श्वास उथळ, भराभर. गणोजीने नळी बाहेर काढून मांडीवर ठेवली. बोटांनी चाचपून जागा शोधली. शेवटची बरगडी, तिच्यामागे सर्वांत ताणलेलं कातडं. तिथे त्याने बोट ठेवलं. भुऱ्याने डोळा वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि शेपटीचं टोक एकदा जमिनीवर आपटलं.

"आहे ना हातात तुमच्या?" रुक्मिणी म्हणाली. "मग बसलात काय?"

"हुकूम नाही."

"सकाळी घे घे म्हणायला बरा हुकूम होता."

"तेव्हा होता," गणोजी म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने भुऱ्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि पदराने त्याची लाळ पुसू लागली. एरवी ती कधी त्याला शिवत नसे.

उन्हं कलली. जिन्यावर पावलं वाजली तसा गणोजी ताडकन उठला. नीलकंठपंत होते. चार पायऱ्या उतरून ते थांबले.

"सरकार विचारतात, मजकुरात कुत्र्याचं नाव घालायचं ते कोणतं? भुऱ्या घालावं की साहेबाने ठेवलेलं?"

गणोजीला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याला हसावं की डोकं आपटून घ्यावं, ते समजेना.

"म्हणजे मायना ठरला, पंत?"

"मायना नंतर. आधी मजकूर उरकून घेतोय."

"काहीही घाला," गणोजी म्हणाला.

पंत वर गेले. गणोजी पुन्हा खाली बसला, नळी उचलली, टोक कातड्याला टेकवलं आणि डोळे मिटले. दाबायचं तेवढं बाकी होतं. तीन पिढ्यांत त्याच्या घरातल्या कोणी न सांगता या घराच्या जनावराला दोरसुद्धा बांधला नव्हता. तो तसाच बसून राहिला, वरच्या पावलांची वाट बघत. किती वेळ, कोण जाणे. रुक्मिणीने त्याच्या मनगटावर हात ठेवला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"झालं हो," ती म्हणाली.

भुऱ्याचा श्वास थांबला होता. डोळे मात्र उघडेच होते.

मग गणोजीने नळी दाबली. एका झटक्यात ती आत गेली. त्याने सुई ओढून घेतली, आणि फस्स करून वारा सुटला. लांब, संथ, आंबट वासाचा. फुगलेलं पोट दोघांच्या डोळ्यांदेखत खाली बसत गेलं. लहान मुलालाही जमलं असतं एवढं ते सोपं होतं.

दिवेलागणीला दारात गडबड झाली. शिवाजीराव आले होते. अकरा वर्षांनी, पायी, बोलावणं नसताना, पत्र नसताना. मागे उमाशंकर. मल्हारराव लगबगीने पुढे गेले. दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि दोघांचेही डोळे पाणावले.

"कळलं तसा निघालो," शिवाजीराव म्हणाले. "शुभकार्याला बोलावल्याशिवाय जाऊ नये. दुःखाला कोण बोलावण्याची वाट बघतं?"

"खरं आहे," मल्हारराव म्हणाले. "अगदी खरं आहे."

आजूबाजूची माणसं माना डोलवू लागली. मुका जीव गेला, पण घर जोडून गेला, असं कोणीतरी म्हणालं. देवाचाच कुत्रा तो, चंपाषष्ठीलाच नेला, असं दुसरा म्हणाला. नीलकंठपंत हातात कागद घेऊन कोपऱ्यात उभे होते. तो आता कोणाला नको होता.

शिवाजीरावांनी उमाशंकरला खूण केली. "बघ रे. वेळेवर आलो असतो तर काही करता आलं असतं का?"

उमाशंकर खाली बसला. त्याने हिरड्या पाहिल्या, पोटावरून हात फिरवला. बरगडीमागे त्याचं बोट त्या छोट्या भोकावर थांबलं. त्याने वर गणोजीकडे पाहिलं, मग दोन्ही मालकांकडे.

"नहीं सरकार," तो म्हणाला. "कोई इलाज नहीं था."

"होता," गणोजी म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"इलाज होता, सरकार. मी केला नाही."

मल्हाररावांनी मान खाली घातली. शिवाजीरावांनी खाकरून घसा साफ केला.

"दुःखात बोलतोय बिचारा," मल्हारराव म्हणाले. "फार जीव होता त्याचा. चला, आपण वर चला."

दोघं निघाले. गणोजीने कोपऱ्यातली बाज आणली. भुऱ्याला तिच्यावर घेताना चार माणसं लागली. पुढून गणोजी आणि मागून उमाशंकर, शिवाय कडेला दोन गडी, असे ते बाज घेऊन बाहेर जायला निघाले. बाहेरची वाट जिन्याच्या पायथ्यावरून होती.

तिथे दोघे भाऊ उभे होते.

"आपण व्हा पुढे," मल्हारराव म्हणत होते.

"छे, छे. घर आपलं."

"वय आपलं."

"पण शाखा..."

दोघेही हसत होते. पहिल्या पायरीवर कोणाचंच पाऊल पडत नव्हतं, आणि दोघांच्या अंगांनी वाट पार अडली होती. बाजेचं ओझं खांद्यांत उतरू लागलं. मागे उमाशंकरने पाय बदलला. एक गडी खाकरला. गणोजी थांबला होता, नेहमीसारखा, सरकारांचं बोलणं संपण्याची वाट बघत. भुऱ्याचं डोकं बाजेवरून लोंबत होतं आणि त्याचा कान गणोजीच्या मनगटाला लागत होता. अजून तो ऊन होता.

"बाजूला व्हा," गणोजी म्हणाला.

पुढे सरकार लावलं नाही, मान लववली नाही. आवाजही चढवला नाही.

दोघेही मुकाट्याने बाजूला झाले, एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. दिवसभर न आलेलं रडू गणोजीला तेव्हा आलं.